पाच बोटांचं पान

फर्मीनने कुंडी ओट्यावर ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. रेमेदियोस दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत बसली होती. तिने आधी कुंडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हे माझ्याकडे कशाला आणलंत?"

"एवढं बघून सांग. हे अजून रोपच आहे की झाड झालंय?" तो म्हणाला. "आधीची दोन घालवली मी. मोठ्या कुंडीत हलवली, खत घातलं, चार दिवसांत करपली. बी आता उरलं नाही. हे एकच."

"गांजा तयार मिळतो की शहरात."

"मी कुणाकडे मागू, रेमे? बत्तीस वर्षं पोलिसात काढली."

तिने शेंग मोडली, दाणे भांड्यात टाकले. "एन्कार्नासाठी?" तिने त्याच्या बायकोबद्दल विचारलं.

"हं. सारागोसाच्या इस्पितळात नेतो दर तीन आठवड्यांनी. औषध शिरेतून देतात. परत आलं की आठ दिवस पोटात काही ठरत नाही. सूपसुद्धा नाही. याने मळमळ थांबते म्हणतात."

दोघं एकाच वर्गात शिकलेली. रेमेदियोस त्याला जन्मभर अरे-तुरे करत आली होती. नवरा गेला त्या वर्षापासून, गेली चार वर्षं, मात्र 'तुम्ही' म्हणत होती. तिने हात एप्रनला पुसले, उठली आणि कुंडीसमोर उकिडवी बसली.

"खाली ही दोन गोल पानं दिसतात? ती बियातलीच. आईचं दूध समजा. ती पिवळी पडून गळायला लागली, की समजायचं आता हे आपलं आपण खातंय. त्याच्या वरचं पान एका बोटाचं. त्याच्या वर तीन बोटांचं. पाच बोटांचं पान नीट उघडलं, की रोपपण सरलं. तोवर खत नाही आणि मोठी कुंडीही नाही. ऊन आणि घोटभर पाणी, बस्स."

फर्मीनने चष्मा लावला. वरचं पान नखाच्या टोकावर घेऊन त्याने बोटं मोजली. पुन्हा मोजली.

"तीन आहेत."

"मग रोपच आहे."

ती पुन्हा खुर्चीवर बसली. त्याला आता निघता आलं असतं. तो टोपी फिरवत तिथेच उभा राहिला.

"तुझी होती ती," तो म्हणाला, "किती बोटांची होती?"

"तीन." तिने मान वर केली नाही. "सहा होती. दह्याच्या रिकाम्या डब्यांत. माझ्या होनोरियोने आजारपणात स्वतःच्या हाताने लावलेली. तुम्ही कागदावर लिहिलंत, सहा झाडं, रस्त्यावरून दिसणारी. बोटाएवढी रोपं होती ती, गच्चीच्या कठड्याआड."

"तक्रार आली होती."

"आली असेल. म्हणून तर जिना चढून आलात. पण वर आल्यावर तुम्ही ती पाहिलीत ना?"

या प्रश्नाचं उत्तर त्याने घरून तयार करून आणलं होतं. "छापील कागदावर 'झाडं' एवढाच रकाना होता," तो म्हणाला. उच्चारल्यावर त्याला ते परत घ्यावंसं वाटलं.

रेमेदियोसने भांडं जवळ ओढलं. शेंगा मोडत राहिली.

"राहिली असती तरी उपयोग झाला नसता," ती शेवटी म्हणाली. "त्यांना फुलं यायला ऑक्टोबर उजाडला असता. होनोरियो जुलैतच गेला. पण सकाळी उठून तो जिना चढायचा. मोजायचा, आज कुणाला किती बोटं फुटली. खाली आला की सांगायचा मला. तुम्ही डबे उचलून नेलेत, त्यानंतर त्याने जिना चढायचं सोडलं. उठायचंही."

"माझं चुकलं, रेमे."

"हो," ती म्हणाली. "आठ-दहा दिवस थांबा. पाणी सकाळीच घाला, संध्याकाळी नको. आणि वाऱ्यात ठेवू नका, मान मोडते."

तो कुंडी छातीशी धरून उतारावरून घरी आला. एन्कार्ना मागच्या अंगणात उन्हाला बसली होती, डोक्याला रुमाल बांधून, पायांवर मे महिन्यातही घोंगडी. गेल्या महिन्यापेक्षा ती खुर्चीत अजून लहान दिसत होती.

"काय म्हणाली?"

"अजून रोपच आहे म्हणाली. दहा दिवस थांबायला सांगितलंय."

"बाकी काही?"

"बाकी जे म्हणायचं ते म्हणाली."

एन्कार्नाने कुंडी मागून घेतली आणि मांडीवर ठेवली. तीन बोटांच्या त्या पानाखाली तिने आपला तळहात धरला, स्पर्श न करता.

"दहा दिवस," ती म्हणाली. "तेवढे जमतील मला."