शिळं पाणी

"पाणी कधी शिळं होतं का हो, मालनताई?"

बारा वर्षं डॉक्टर रेवती हसत हसत हेच विचारायच्या. त्यांच्या मदतनीस मालनताई मात्र रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत दात कोरायच्या मशीनचं पाणी दोन मिनिटं बेसिनमध्ये सोडून द्यायच्या. रात्रभर नळीत साचलेलं पाणी कुणाच्या तोंडात कसं घालायचं? घरीसुद्धा त्या कालचा हंडा ओतून, घासूनच नवं पाणी भरायच्या.

आज किडनी बदललेले एक गृहस्थ येणार होते. "जंतुसंसर्ग मला झेपायचा नाही. पाणी स्वच्छ असतं ना?" त्यांनी फोनवर विचारलं. "एकदम," डॉक्टर म्हणून गेल्या, आणि मनात पाल चुकचुकली. त्यांनी मशीनच्या नळीचा बोटभर तुकडा कापला आणि आतलं खरवडून शेजारच्या लॅबमधल्या मायक्रोस्कोपखाली ठेवलं.

त्यांनी भिंगाला डोळा लावला. आरशासारख्या लखलखीत दवाखान्यात, एवढ्याशा नळीत, केवढी ही वस्ती! बुळबुळीत थरात गाव वसवून हजारो जीव वळवळत होते. किळस यायला हवी होती. आधी हातच जोडावेसे वाटले.

त्यांनी त्या गृहस्थांना फोन करून आज येऊ नका म्हणून सांगितलं, मग मालनताईंना बोलावलं. "बघा, तुमचंच खरं निघालं."

मालनताई कितीतरी वेळ डोळा लावून उभ्या राहिल्या.

"नाही हो मॅडम, माझंही चुकलंच," त्या हळूच म्हणाल्या. "मी शिळं म्हणायचे. हे तर जितंजागतं आहे!"