कुलूपबंद निळा रंग

“पासवर्ड बदलून दे आणि निघ,” कमलाकांतशेठ म्हणाले.

तेजल जागची हलली नाही. बोईसरच्या या कापड रंगवायच्या कारखान्यात एखादा नवा रंग जमला, की त्याचं प्रमाण बाहेर फुटायचं आणि तोच रंग दुसऱ्याच्या मालावर झळकायचा. ऑफिसचा ईमेल एकच, पासवर्डही सगळ्यांना ठाऊक. पण मेल सांभाळायची तेजल, म्हणून चोर तीच. शेठचा भाचा हितेश मॅनेजर होता. त्यानेच हे मामाच्या गळी उतरवलं होतं. नोकरी गेली तर जाऊ दे, पण हा डाग घेऊन उमरोळीला घरी कसं जायचं?

“शेठ, आजचा दिवस थांबा,” ती म्हणाली. “मी कालच कॉम्प्युटरला एक स्क्रिप्ट, म्हंजे हुकमांची यादी, लिवून दिलीय. रंगाची फाईल कुनीबी बाहेर पाठवली, की तिला आपोआप कुलूप लागतं. आनि तिचं उत्तर आलं, तर ते ऑफिसच्या नाय, फक्त तुमच्या सोताच्या मेलवर येतं. बाकी कुनाला दिसत नाय.”

“मामा, ही थापा मारतेय,” हितेश हसला. पण हसता हसता मोबाईल काढून तो दाराकडे सरकला.

तेवढ्यात शेठच्या कॉम्प्युटरवर टिंग वाजलं. शेठना मेल मोठ्याने वाचायची खोड होती. चष्मा चढवून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

“हितेशभाई, निळ्या रंगाची फाईल उघडत नाही. या वेळी कुलूप कशाला लावलं? नेहमीसारखी उघडी पाठवा.”

तेजलला असा आनंद झाला, की हसू आवरेना. तिने ते आवरलंही नाही.

“मामा, हे कुणीतरी मुद्दाम...”

“तू गप्प बस.” शेठनी तेजलला जवळ बोलावलं. “या मेलला उत्तर लिही.”

“काय लिवू, शेठ?”

शेठनी भाच्याला एकदा नखशिखान्त न्याहाळलं.

“लिही, फाईल काही मिळायची नाही. तिच्याऐवजी हितेशभाईंना पाठवतोय. ठेवून घ्या.”