पांढरे ठिपके

“घ्या काकू, चकाचक करून ठेवला,” म्हणत व्यंकटरावांनी स्टुडिओच्या काउंटरवर फोटो ठेवला.

रुख्मिणीबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. फोटो वरपासून खालपर्यंत काळाभोर.

“हे काय?”

“रोल तुमचा अंधारात गेला. या एकाच फोटोत कायतरी व्हतं, तर त्यावर बी ही धूळ! दोनशे तरी पांढरे ठिपके असतील. शाई अन् ब्रश घेऊन एकेक भरून काढला. मधी मोठा फराटा व्हता, तो बी बुजवला.”

रुख्मिणीबाई मटकन बाकावर बसल्या.

“अवो, त्या चांदण्या व्हत्या! अन् फराटा म्हंजे धूमकेतू!”

सत्त्याण्णवचा एप्रिल होता. दिवेलागणीनंतर पश्चिमेला तो रोज दिसत होता. पण रुख्मिणीबाईंचे यजमान संतराम मास्तर पहिल्याच संध्याकाळी कॅमेरा घेऊन शिडीवरून पडले होते, अन् पाय मोडला होता.

“पायाला वजन बांधून पडलेत. ते खाटेवरून सांगायचे, अन् मी गच्चीवर बटन दाबून विसापर्यंत मोजायची. वजन निघंस्तवर तो जाईल निघून. निगेटिव्ह कुठंय?”

व्यंकटरावांनी हळूच मागच्या टेबलाकडे पाहिलं. दिव्याखाली निगेटिव्ह होती. शेजारी पातं.

“आता त्यावरचे डाग खरडायलाच बसनार व्हतो.”

“खबरदार!” रुख्मिणीबाई काउंटरची फळी उचलून थेट आत गेल्या.

डार्करूमच्या लाल उजेडात दोघं ट्रेवर वाकले. पांढरा कागद हळूहळू काळा पडू लागला. खाली लिंबाचा शेंडा उमटला. वर ठिपके राहिले, आणखी राहिले, आणि त्यांच्या मधोमध पिसासारखी शेपटी पसरली.

“आईशप्पत,” व्यंकटराव म्हणाले. “हे आपल्या हिंगोलीत दिसून राहिलं?”

“दुकान बंद करताना मान वर करत जा की जरा.”

“बरं, धुऊन वाळत टाकतो. उद्या न्या.”

“उद्या काहून? मास्तर तिकडं तीन आठवड्यांपासून दाराकडं बघून राहिलेत.”

पाण्यातून काढलेला फोटो दोन कोपऱ्यांना चिमटीत धरून त्या निघाल्या. गर्दी चुकवत स्टँडवर आल्या. कनेरगाव नाक्याची गाडी लागलेलीच होती, खच्चून भरलेली.

“आजी, दांडा धरा, पडसान!” कंडक्टर ओरडला. “काय हाय हातात?”

“धूमकेतू. वल्ला हाय, कुनी धक्का देऊ नका.”

गाडीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकानं पाय आखडले, दुसऱ्यानं हळदीचं पोतं ओढून घेतलं, आणि उभं राहायला जागा नसलेल्या त्या गाडीत रुख्मिणीबाईंभोवती हातभर मोकळं आभाळ झालं.