फाटलेला सूर
कंट्री गायिका ओपलनं सत्तरी ओलांडल्यापासून गिटारवाला हॉबर्ट तिला न सांगताच पट्टी खाली घ्यायचा. बाईचा गळा चारचौघांत उघडा पडू नये, एवढंच मनात. अमेरिकेतल्या केंटकीच्या जत्रेत तिच्याच खाणगावातल्या लोकांपुढं तिनं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हटलं. वरचा सूर कसा लोण्यासारखा लागला! टाळ्या मात्र कोमटच. पुढून एक खाणकामगार ओरडला, "मिस ओपल, ‘बाबा’ शब्दावर आवाज फाटलाच नाही! रेकॉर्डवर फाटतो, म्हणून तर आम्ही सगळे तसंच म्हणतो!" ओपल गर्रकन वळली. "हॉबर्ट, पट्टी उतरवलीस?" "तुला जड जाईल म्हणून..." "मेल्या, माझे बाबा खाणीतून परत आले नाहीत, ते काय मला सोपं गेलं होतं? चढव!" हॉबर्टनं गिटारच्या खुंट्या पिळल्या. तिनं पुन्हा सुरुवात केली. ‘बाबा’ शब्द आला, तिचा आवाज टर्रकन फाटला, पाठोपाठ अख्ख्या मैदानाचा. आणि हॉबर्टचासुद्धा.