सातवा खेळ

"वैनी, ह्ये सात नंबरला काय लिवलंय?" सलिमाने यादीवर बोट ठेवलं.

"फ्लोटिंग कॉम्पिटिशन," मोना म्हणाली आणि दुसरीकडेच बघायला लागली.

पेठ वडगावच्या अलीकडच्या त्या फार्महाऊसवर दोघी सकाळपासून स्विमिंग टँकच्या काठाला बसल्या होत्या. रविवारी मोनाच्या पृथ्वीराजचा आठवा वाढदिवस. वर्गातली बावीस पोरं येणार, आणि उंच खुर्चीवर बसून त्यांच्यावर नजर ठेवणार टँकवर पोहायला शिकवणारी सलिमा, एकटी. चार पोरांमागं एक मोठं माणूस काठावर उभं राहणार, हे ठरलं. जेवण पोहून झाल्यावरच, हे ठरलं. खोल बाजूला दोरी, काठावर पळायचं नाही, ज्याला पोहता येत नाही त्याच्या अंगात जॅकेट. ठरवून ठरवून मोनाचं डोकं उठलं होतं. पोरांनी दोन तास पाण्यात दंगा करायचा, त्यासाठी केवढा हा कुटाणा!

सलिमाचं तर विचारूच नका. मार्चपासून तिला एक सुट्टी नव्हती. सकाळी बायकांची बॅच, दुपारी पोरांची, शनिवार-रविवार या असल्या पार्ट्या. टँकच्या औषधानं डोळे लालभडक झाले होते.

"फ्लोटिंग म्हंजे?" तिने परत विचारलं.

"मढं गं, मढं!" मागून आबा ओरडले. आबा म्हणजे मोनाचे सासरे, केरबा. नातवाला मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवलं ते यांनीच. "पाण्यावर उताणं पडायचं, डोळं मिटायचं आन् अजिबात हलायचं न्हाय. शेवटपातूर जो हलला न्हाय त्यो जिकला. आमच्या सूनबाईंस्नी वाढदिवसाच्या यादीत मढं लिवायला नगं वाटलं, म्हणून इंग्रजीत घातलंय."

सलिमाने पेनाला टोपण लावलं. "मग न्हाय जमायचं."

"अहो सलिमाताई, साधा खेळ आहे," मोना काकुळतीला आली. "गेले आठ दिवस पृथ्वी हेच करतोय. पळण्यात नाही, क्रिकेटमध्ये नाही, कशात म्हणून त्याचा नंबर येत नाही. ह्यात येईल. सगळ्या वर्गाला सांगून बसलाय तो."

"खरं हाय तुमचं. पर मला वरनं फरक कळत न्हाय."

"कसला फरक?"

सलिमाने डोळे चोळले. "दर मिनिटाला मुंडकी मोजायची असत्यात वैनी. आता असं झालंय, लग्नात जेवाय बसलो तरी पंगत मोजतो. कटाळा आलाय बघा. पोहायचा न्हाय, मोजायचा. हलणारं पोरगं असलं की मला काळजी न्हाय. न हलणारं दिसलं की मी उडी टाकतो. तुमी बावीसच्या बावीस न हलणारी करून ठेवली, तर मी उडी टाकू कुठं?"

"कायबी बोलती!" आबांना भलताच राग आला. "साठ वर्षं मढं करतोय, अजून जिता हाय की मी. थांब, दावतोच तुला. सूनबाई, मोज गं."

टोपी खुर्चीवर गेली, धोतर खुर्चीवर गेलं. पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर म्हातारा टँकमध्ये उतरला. पाणी छातीएवढं. मध्यभागी जाऊन आबा उताणे झाले आणि त्यांनी डोळे मिटले.

मोनाला हसूच आलं. वीसपर्यंत तिने मोठ्यानं मोजलं. चाळीसला तिचा आवाज बारीक झाला. आबांच्या भोवतीचं पाणी हलत होतं, तेही थांबलं. त्यांचं तोंड थोडं उघडं पडलं होतं. पोट हलतंय की नाही ते काठावरून दिसेना.

"आबा, बास झालं."

आबांचे कान पाण्यात होते.

"आबा! उठा की ओ!"

काहीच नाही. मोनाने सलिमाकडे पाहिलं. सलिमाही उठून उभी राहिली होती, आणि तिलाही काही कळत नव्हतं.

मोनाला चपला काढायचं सुचलं नाही, हातातली यादीसुद्धा खाली ठेवली नाही. अंगावरच्या ड्रेससकट ती पाण्यात शिरली. दुसऱ्या बाजूनं सलिमाने उडी टाकली. दोघींनी एकदमच धरलं, तसं म्हाताऱ्यानं दचकून डोळे उघडले, घोटभर पाणी गिळलं आणि ठसकत ठसकत दोघींचा उद्धार केला.

"आयला, मारताय का काय मला!"

खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं, "किती झालं?"

चाळिसाच्या पुढं कुणी मोजलंच नव्हतं.

"आबा," सलिमा धापा टाकत म्हणाली, "तुमी तर सांगून झोपला हुतासा, तरीबी कळलं न्हाय."

आबांनी बोलायला तोंड उघडलं. पण सुनेनं त्यांचा दंड अजून सोडला नव्हता, आणि तिच्या दुसऱ्या मुठीत भिजलेली यादी तशीच होती. त्यांनी ती मूठ बघितली.

"पृथ्वीला मी सांगतो," ते म्हणाले.

तिघं शिडीनं वर आली. सलिमा सगळ्यात शेवटी. काठावर बसायच्या आधी तिने वळून रिकाम्या पाण्याकडे पाहिलं, मग आबांकडे, मग मोनाकडे, आणि शेवटी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"एक, दोन, तीन," ती पुटपुटली. मग बसली.