फेरिक ऑक्साइडचं सूत्र

बाबा गेल्यापासून, दुपारी डोळा लागला की ते माझ्या टेबलाशी येऊन बसतात. बोटांना खडूची पूड असते.

"फेरिक ऑक्साइडचं सूत्र लिही."

मी FeO लिहिते.

"अगं ढमे, फेरिक म्हणजे लोखंडाची संयुजा तीन! तू दोन धरलीस." खुर्ची जवळ ओढून ते पुन्हा पहिल्यापासून समजावतात.

आज मात्र माझ्या हातातलं पेन काढून घेत म्हणाले, "कॉलेजात पोरांना हेच शिकवतेस ना? मग इथेच कशी चुकतेस रोज?"

"बरोबर आलं की तुम्ही उठून जाता."

बाबांनी कागदावरून हळूच बोट फिरवलं. शाई पाण्यासारखी हलली.

"बरं, मग मँगनीज घेऊ. त्याच्या इतक्या संयुजा असतात, की आज काही लवकर आवरत नाही."