नळावरची पाटी

गिरणीच्या प्रयोगशाळेत, इंजिनिअरसाहेबांनी बॉयलरच्या नळावरून भरून आणलेल्या पाण्यात कौसल्यानं तपासणीच्या औषधाचा थेंब टाकला आणि पाणी लाल झालं. लाल म्हणजे पाण्यात क्षार, आणि क्षार म्हणजे बॉयलर धोक्यात. साहेब गिरणी थांबवायला निघाले. “बाटली कायनं धुतली, साहेब?” तिनं विचारलं. “विहिरीच्या पाण्यानं, चांगली घासून.” “तिथंच चुकलं. विहिरीचे क्षार बाटलीतच राहिले. जे पाणी तपासाचं, त्यानंच बाटली खंगाळा लागते.” तिनं बॉयलरचा नळ वाहू दिला, त्याच पाण्यानं बाटली तीनदा खंगाळली, मग भरली. यावेळी पाणी निळं झालं, म्हणजे क्षार नव्हते. गिरणी चालू राहिली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी नळावर पाटी लावली: ‘कौसल्याबाईंशिवाय कोणीही या पाण्याला हात लावू नये.’ एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर आलेल्या आईला कौसल्यानं गिरणीत नेऊन ती पाटी वाचून दाखवली. आईला गावच्या विहिरीवर कधी चढू दिलं नव्हतं. ती पाटीवरून हात फिरवत म्हणाली, “अजून एकडाव वाच वं.”